गाव आडवं येत नाही, आडवं येतं अर्थिंग

‘इलेक्ट्रिक गाडी म्हणजे पुण्या-मुंबईवाल्यांचं काम. अणदूरमध्ये घेऊन काय दारात उभी करायची? लाइट तरी असते का तुमच्याकडं?’ हे बोलणं आपल्याकडं चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू येतं, आणि बोलणाऱ्यांत शहरातल्या लोकांपेक्षा गावातलेच लोक जास्त असतात. मला हे म्हणणं मुळातून खोडायचं आहे. इलेक्ट्रिक गाडी सगळ्यांनी घ्यावी असं मी म्हणत नाही. ज्यांनी ती घेऊ नये त्यांच्याबद्दलही पुढं लिहिणारच आहे. पण घ्यायची की नाही हे ‘गाव आहे’ एवढ्यावर ठरवणं चुकीचं आहे. ते ठरतं गाडी रोज किती धावते, घराचं वायरिंग कसं आहे आणि डोक्यावरचा स्लॅब मोकळा आहे का, यावर. या तिन्ही बाबतींत अणदूरचं घर पुण्यातल्या फ्लॅटपेक्षा मागं नाही. दोन बाबतींत तर पुढंच आहे.

सगळ्यात जास्त पुढं केला जाणारा मुद्दा चार्जिंग स्टेशनचा. ‘स्टेशन कुठं आहे?’ असं विचारणारा माणूस मनात पेट्रोल पंप धरून बोलत असतो. गाडी पंपावर न्यायची, रांगेत लावायची, भरायची आणि निघायचं, ही सवय इतकी मुरलेली आहे की वीज आपल्या भिंतीपर्यंत आलेलीच आहे हे लक्षातच येत नाही. घरची गाडी रात्री घरीच चार्ज होते. सकाळी निघताना ती भरलेली असते. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाची अडचण नेमकी इथंच आहे: पार्किंग सामाईक, मीटर इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, केबल ओढायला सोसायटीची परवानगी, आणि ती मिळेपर्यंत चार बैठका. अणदूरमध्ये अंगण आपलं, भिंत आपली, मीटर त्याच भिंतीवर. वीस-पंचवीस फूट वायर आणि एक पंधरा अँपिअरचं सॉकेट एवढ्यावर काम भागतं.

‘लांब जायचं झालं तर?’ हा पुढचा प्रश्न. अणदूर सोलापूर-हैदराबाद महामार्गावर आहे. सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, उमरगा आणि तुळजापूर चाळीसच्या आसपास, नळदुर्ग तर हाकेच्या अंतरावर. २४ युनिट क्षमतेची बॅटरी असलेली टियागोसारखी छोटी गाडी जाहिरातीत काहीही म्हणो, एसी लावून आणि महामार्गाच्या वेगानं एका चार्जवर १९०-२०० किलोमीटर जाते असं धरावं. म्हणजे सोलापूरला जाऊन-येऊन तिच्यात निम्म्याच्या जवळपास चार्ज शिल्लक राहतो. ३५ युनिटांची ‘पंच’ ही गाडी असेल तर अडीचशेच्या पुढं जाते. पुणे तीनशेच्या वर आहे; तिथं जाताना वाटेत थांबावं लागेल, अर्धा-पाऊण तास जाईल आणि जलद चार्जरचा दरही घरच्यापेक्षा जास्त पडेल. ज्याला आठवड्याला पुणे गाठायचं आहे त्यानं या भानगडीत पडू नये. पण अणदूरच्या गाड्या रोज पुण्याला जात नाहीत. त्या सोलापूरच्या मार्केट यार्डाला जातात, दवाखान्याला, तालुक्याच्या कचेरीत आणि शाळेत जातात.

एक हरकत मात्र खरी आहे आणि तिला टाळून पुढं जाता येत नाही. मध्यरात्री घरातल्या कुणाला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि गाडी उतरलेली असली तर? याचं उत्तर वापरण्याच्या सवयीत आहे. संध्याकाळी घरी आल्याबरोबर केबल लावायची, चार्ज निम्म्याच्या खाली राहू द्यायचा नाही. निम्म्या चार्जवर सोलापूर गाठता येतं आणि तिथं जलद चार्जर आहेत. पेट्रोलच्या गाडीतही रात्री काटा तळाला गेलेला असला तर हीच पंचाईत होते. फरक असा, की पेट्रोल घरात भरता येत नाही.

आता लाइटचं. लाइट जाते. मे महिन्यात वाऱ्या-पावसानं तारा तुटतात, उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, हे कुणी नाकारू नये. पण हिशोब नीट मांडला पाहिजे. सोलापूरची जाऊन-येऊन ११० किलोमीटरची फेरी झाली की भिंतीच्या सॉकेटमधून साधारण सोळा युनिट घ्यावे लागतात, कारण घरच्या चार्जिंगची गळती धरून युनिटाला सात किलोमीटर पडतात. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर हे काम सहा-सात तासांत होतं. रात्री नऊला लावलेली गाडी सकाळी सहापर्यंत नऊ तास उभी असते. मध्ये दोन तास लाइट गेली तरी काम होतं. शेतीपंपाला आठ तास वीज मिळते म्हणून घरालाही तेवढीच मिळते असा घोळ बरेच जण करतात. गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे झालेत तिथं हा घोळ निराधार आहे. मात्र शेतातल्या वस्तीवर राहणाऱ्यानं आपलं कनेक्शन कोणत्या फीडरवर आहे हे आधी पाहावं. तिथं ही हरकत खरी ठरू शकते.

खरी अडचण कुठं येते ते सांगतो, कारण गाडी विकणारे तिच्याबद्दल बोलत नाहीत आणि गाडीला नावं ठेवणाऱ्यांना ती माहीतच नसते. गाडीसोबत येणारा चार्जर सॉकेटमध्ये लावला की त्याच्या डब्यावर दिवे लागतात. हिरवा लागला तर ठीक. लाल लागला की बहुतेक वेळा दुखणं एकच: अर्थिंग नाही. आपल्या जुन्या घरांमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्या मागं तार नसते. असली तर ती नळाच्या पाइपाला गुंडाळलेली असते आणि तो पाइप मधूनच प्लॅस्टिकचा झालेला असतो. फ्रिज, टीव्ही, मिक्सर यांचं त्यावाचून अडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र नकार देतो. तो बरोबरच करतो, कारण ओल्या अंगणात उभ्या असलेल्या लोखंडी गाडीत गळतीचा करंट उतरला तर पहिला हात लेकराचा लागतो. मग काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ जोडून चार्जरला फसवतात. हिरवा दिवा लागतो, सगळे खूश होतात. खांबावर न्यूट्रल तुटला त्या दिवशी गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो. हे काम कुणी सुचवलं तर त्याला उंबऱ्याच्या बाहेर काढा.

करायचं असतं ते साधं आणि स्वस्त आहे. मोरीच्या पाण्याजवळ, जमीन ओली राहील अशा जागी खोल खड्डा, त्यात तांब्याची पट्टी किंवा रॉड, भोवती कोळसा-मीठ किंवा तयार मिळणारी पावडर, आणि तिथून थेट सॉकेटपर्यंत जाड वायर. सोबत मीटरपासून स्वतंत्र लाइन, गळती पकडणारा ब्रेकर आणि चांगल्या प्रतीचं सॉकेट. हलकं सॉकेट सात तास सलग भार घेत नाही; ते पिवळं पडतं, मग काळं पडतं, मग वितळतं. उन्हाळ्यात जमीन भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतावं लागतं; आपल्या काळ्या मातीत हे विसरून चालत नाही. आणि मीटरवरचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटचा असेल तर तो वाढवून घ्यायचा अर्ज करायचा. एवढ्यावर पैसे खर्च करायची तयारी नसेल तर गाडी घेऊ नका; त्यात गावाचा दोष काही नाही.

आता पैशाकडं येतो, कारण दोन्ही बाजूंनी सगळ्यात जास्त खोटं इथंच बोललं जातं. ‘किलोमीटरला एक रुपया’ असं जे छापलं जातं ते आपल्या घरच्या बिलात बसत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि तीनशेच्या पुढचा दर यांत दुपटीहून जास्त फरक पडतो. घरात आधीच दीडशे युनिट जळत असतील तर गाडीचं प्रत्येक युनिट वरच्या टप्प्यात पडतं. वहन आकार आणि वीजशुल्क धरलं की ते तेरा ते सोळा रुपयांच्या घरात जातं. युनिटाला सात किलोमीटर म्हणजे किलोमीटरला दोन रुपये ते सव्वादोन रुपये. एक रुपया नव्हे. तरीही पेट्रोलशी तुलना करा: लिटरला १०५ रुपये आणि १८ किलोमीटरचं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटर पावणेसहाच्या पुढं जातो. म्हणजे फरक साडेतीन-पावणेचार रुपयांचा. खरा आकडा हा आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. त्याला फुगवायची गरज नाही.

पण ही बचत मिळते ती धावणाऱ्या गाडीला. उभ्या गाडीची कसलीच बचत होत नाही. इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या तशाच गाडीपेक्षा अडीच लाखांनी महाग पडली असं धरू. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्के आहे आणि महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ आहे, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यानं त्याही उतरल्या, हे विसरायला नको. या जादा अडीच लाखांवर नऊ टक्क्यांनी वर्षाला साडेबावीस हजार व्याजच होतं. महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्याची वर्षाची बचत सतरा-अठरा हजार. त्याचं व्याजही सुटत नाही. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला, लग्नकार्याला आणि महिन्यातून एकदा सोलापूरला गाडी काढणाऱ्या घरानं इलेक्ट्रिक गाडी घेणं म्हणजे तोट्याचा व्यवहार. मी हे कुठल्याही विक्रेत्यासमोर म्हणायला तयार आहे. महिन्याला हजार किलोमीटर असतील तर व्याज धरून जादा पैसे फिटायला आठ-नऊ वर्षं लागतात. तिथं ज्यानं त्यानं ठरवावं.

आणि मग अप-डाऊनवाले येतात. सोलापुरात बिऱ्हाड आणि अणदूर, नळदुर्ग, जळकोटला शाळा, बँक किंवा दवाखान्यात नोकरी; किंवा घर अणदूरला आणि नोकरी सोलापूरला. असे लोक या रस्त्यावर रोज सकाळी दिसतात. चौघं मिळून एक गाडी, महिन्याची वर्गणी ठरलेली. दिवसाला ११० किलोमीटर, महिन्याचे चोवीस दिवस धरले तर २,६४० किलोमीटर. साडेतीन रुपयांच्या फरकानं महिन्याला नऊ हजारांवर वाचतात. व्याज धरूनही जादा पैसे अडीच-तीन वर्षांत फिटतात. पुण्यातल्या ऑफिसला रोज पंधरा किलोमीटर जाणाऱ्याला हा हिशोब कधी जमणार नाही. ज्या गाडीला ‘शहराची गाडी’ म्हणून हिणवलं जातं ती पैशात सगळ्यात लवकर फिटते ती या गाव-सोलापूर रस्त्यावर. माझा सगळा प्रतिवाद या एका हिशोबावर उभा आहे.

याला दोन गोष्टी आडव्या येतात आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. एक म्हणजे सीएनजी. सीएनजीची गाडी साडेतीन-चार रुपयांत किलोमीटर काढते. तिच्याशी तुलना केली तर इलेक्ट्रिकची बचत निम्म्यावर येते. दुसरी म्हणजे जुनी गाडी. आपल्याकडं बहुतेक घरं नवी गाडी घेतच नाहीत, दोन-अडीच लाखांची वापरलेली घेतात. तिच्यासमोर नऊ-दहा लाखांची गाडी केवळ इंधनाच्या बळावर टिकत नाही. इलेक्ट्रिक गाडी नवी गाडी घेणाऱ्याच्या आणि रोज लांब जाणाऱ्याच्या कामाची आहे, ‘पहिली गाडी घ्यायचीय’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नव्हे.

पण गावाकडं अशी एक गोष्ट आहे जी फ्लॅटवाल्याकडं नाही: स्वतःचा स्लॅब. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरच्या सौर संचाला ७८ हजारांचं अनुदान मिळतं. मराठवाड्याच्या उन्हात एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. तीन किलोवॉट महिन्याला साडेतीनशे. २,६४० किलोमीटरला सुमारे पावणेचारशे युनिट लागतात. म्हणजे एका घराच्या स्लॅबवर अप-डाऊनची एक गाडी जवळजवळ पूर्ण धावते. दिवसा गाडी सोलापुरात असते हे खरं, पण नेट मीटरवर दिवसाची वीज खांबाकडं जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. सौर संच बसवलेल्यांचाही एक गैरसमज असतो, तो इथंच दूर करतो: बॅटरी नसलेला असा संच लाइट गेली की बंद होतो, तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून. लाइट नसताना गाडी सूर्यावर चार्ज होईल असं समजू नका. आणि सौर पॅनेलवर बसणारी धूळ धुवायला जिना हवा, हेही आधी पाहा.

बॅटरीच्या भीतीबद्दल थोडक्यात. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णता बॅटरीची वैरीण आहे, यात खोटं काही नाही. आपल्याकडं जास्त खपणाऱ्या बऱ्याच गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती उष्णता इतर प्रकारांपेक्षा चांगली सोसते, आणि बॅटरी थंड ठेवायला द्रवाची सोय असलेल्या गाड्याही छोट्या किमतीत आल्या आहेत. वॉरंटी सर्वसाधारणपणे आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. पण अप-डाऊनवाल्यानं यातला दुसरा आकडा वाचावा. वर्षाला एकतीस-बत्तीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीची वॉरंटी पाच वर्षांतच संपते. जादा पैसे त्याच्या आधी फिटलेले असतात, त्यामुळं व्यवहार बिघडत नाही. तरी पाच वर्षांनंतरची गाडी विकताना भाव कमी येईल हे धरूनच चालावं. घरी गाडी निंबाच्या सावलीला लावा, उन्हात तापलेल्या गाडीला लगेच जलद चार्जर लावू नका.

‘वीज कोळशाचीच ना, मग प्रदूषण कुठं कमी झालं?’ असंही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. सोलापूरजवळ फताटेवाडीला १,३२० मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प आपल्या डोळ्यांसमोर आहे. देशातली बहुतांश वीज कोळशाचीच आहे. एका युनिटामागं सरासरी सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सात किलोमीटरला विभागलं तर किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. पेट्रोलची गाडी एकट्या धुराड्यातून १२५-१३० ग्रॅम सोडते. फरक आहे, पण थोडा. तो मोठा होतो तो स्लॅबवरच्या विजेनं. म्हणून ज्याला प्रदूषणाची खरोखर काळजी आहे त्यानं सौर पॅनेलशिवाय ही गाडी घेऊन फार मोठं काम केल्याचं समाधान मानू नये.

राहिला तो ‘गावाला हे झेपणार नाही’ हा शेरा. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं करण्याचं काम डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं याच अणदूरमधून केलं. तेव्हाही झेपणार नाही म्हणणारे असतीलच. आणि बॅटरीवरच्या वाहनाचं म्हणाल तर फलटणच्या निंबकर संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी ‘इलेक्शा’ ही विजेवरची रिक्षा शहरांत ई-रिक्षा दिसू लागण्याच्या कितीतरी आधी तयार केली होती. फलटण हे तालुक्याचं गाव आहे.

दोष द्यायचाच असेल तर तो धोरणाला द्या. महाराष्ट्राच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातली पूर्ण टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर आहे. ज्या रस्त्यावर ही गाडी सगळ्यात लवकर फिटते, त्या आपल्या महामार्गावर फुलवाडीच्या नाक्यावर टोल द्यावाच लागतो. त्याच धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं म्हटलं आहे. सोलापूर ते उमरगा हे अंतर शंभराच्या जवळ आहे, म्हणजे या टप्प्यात किमान तीन ठिकाणं हवीत. नळदुर्ग आणि अणदूर त्यांत आलीच पाहिजेत. आपल्या आमदार-खासदारांकडं सभागृहांच्या आणि कमानींच्या मागण्या जातात, तशी ही मागणी ग्रामसभेच्या ठरावानं जायला हवी: चार्जरसाठी जागा, गावठाणाच्या ट्रान्सफॉर्मरची क्षमतावाढ आणि अप-डाऊन करणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांना फुलवाडीला सवलत. येत्या ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. आणि ज्यांच्या मनात गाडी घ्यायचं आहे त्यांनी शोरूममध्ये टोकन भरायच्या आधी भरवशाच्या वायरमनला घरी बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं.